एक खाल्ली आणि दहा नुसत्याच मारून टाकल्या, असं का?

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच फोटो येतो, फक्त गावाचं नाव बदललेलं असतं. शेडसमोर ओळीनं मांडलेल्या मेलेल्या कोंबड्या, बाजूला डोक्याला हात लावून बसलेला माणूस, आणि खाली 'हिंस्र प्राण्याचा हल्ला, इतक्या-इतक्या कोंबड्या ठार'. मग अंदाज सुरू. बिबट्याच असणार, नाही तरस असेल, आणि एखादा हमखास लिहितो की रक्त पिऊन गेलंय म्हणजे साधं जनावर नव्हे. मी पण हे वाचून पुढं सरकायचे, मागच्या उन्हाळ्यात आमच्याच घरी झालं तोवर.

आमचं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या बाजूला. सासूबाई (मी त्यांना मामी म्हणते) चौदा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा राखून होत्या. वळवाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री लाईट गेली, कडकडाट इतका की कुत्रं घरात येऊन बाजेखाली घुसलं ते सकाळपर्यंत हललं नाही. पहाटे कोंबडा आरवला नाही तेव्हाच मामी उठून बसल्या. खुराडं उघडलं तर अकरा मेलेल्या, त्यातली एकच खाल्लेली, ती पण अर्धी, बाकीच्या दहा जशाच्या तशा, मान टाकून. कोंबडा पण गेलेला. तीन कोंबड्या वरच्या दांडीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या, डोळे उघडे.

भाऊजी म्हणाले बिबट्या. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या कुणीतरी करणी केली असंल. मामी म्हणाल्या, "मुंगूस हाय त्ये. मान बघ की कुटं धरलीया." तिघांपैकी एकाचंही बरोबर नव्हतं असं आता मला वाटतं, पण ते शोधायला मला बरंच वाचावं लागलं, वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला पिडावं लागलं, आणि त्यातून जे कळलं ते इथं लिहितेय, कारण हे कोडं बहुतेकांना पडतं. भुकेलं जनावर एक कोंबडी नेईल हे समजतं. दहा मारून तशाच टाकायच्या कशाला?

आधी, गावरान म्हणजे कुठली?

हा मुद्दा लहान आहे पण पुढं लागणार आहे. बाजारात 'गावरान' म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं वनराजा, गिरिराज, कावेरी असल्या सुधारित जातींचं असतं. त्या वाईट नाहीत, वजन भरतात, अंडी जास्त देतात. पण जिला मामी गावरान म्हणतात ती बारीक अंगाची, वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणारी, बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होणारी, म्हणजे अंडी घालणं बंद करून उबवायला बसणारी. एकवीस दिवस जागची फारशी हलत नाही आणि मग पिल्लांसाठी कुत्र्याच्या तोंडावर धावून जाते. (कडकनाथ ही पण देशीच, झाबुआकडची, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१९ साली आमच्याच जिल्ह्यात तिच्या नावावर शेतकऱ्यांची जी फसवणूक उघडी पडली ती आठवली की अजून जीव जळतो. कोंबडीचा त्यात काही दोष नाही.)

कोंबडी मूळची जंगलातली. तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज, पण तिच्या पिवळ्या कातडीचं जे जनुक आहे ते आपल्या सह्याद्रीत, दक्षिणेत फिरणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आलंय असं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. चांदोलीच्या बाजूला पहाटे जो तुटक आरवतो ना, तो. म्हणजे आपल्या परड्यातली कोंबडी अगदीच पाव्हणी नाही, थोडीशी इथल्याच रानातली आहे. आणि रानातल्या पक्ष्याचा रात्रीचा बचाव एकच, उंच फांदीवर जाऊन गप्प बसायचं. हे लक्षात ठेवा.

पोट भरलं तरी थांबत का नाही?

याला शास्त्रज्ञ 'जादा शिकार' म्हणतात, म्हणजे खाता येईल त्यापेक्षा जास्त मारणं. हान्स क्रूक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये यावर लिहिलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी कुरव पक्षी हजारोंनी जमिनीवर घरटी करायचे, आणि काही सकाळी तिथं मेलेल्या कुरवांचा खच पडलेला असायचा, खाल्लेले थोडे, बाकी नुसते चावून टाकलेले. मारणारं होतं खोकड, कोल्ह्याच्या कुळातलंच जनावर. क्रूकला दिसलं की हे रोज होत नाही, ज्या रात्री मिट्ट काळोख असतो त्याच रात्री होतं. कारण काळोखात पक्षी उडतच नाहीत. जागच्या जागी बसून राहतात.

आता आमची ती रात्र आठवा. लाईट नाही, ढग भरलेले, कुत्रं बाजेखाली. कोंबडीचे डोळे दिवसासाठी बनलेत, रंग तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतात पण अंधारात ती जवळपास आंधळीच. शेजारणीची मान मोडली तरी ती दांडीवरून खाली उतरून पळत नाही, पळून जाणार कुठं, चारी बाजूंनी जाळी.

पण जनावर का मारत सुटतं हे अजून राहिलंच. पोरं कैऱ्या पाडतात ते बघितलंय ना? एक दगड मारला, कैरी पडली, उचलून मीठ लावून खाल्ली, झालं असं कधी होत नाही. झाडाखाली पंचवीस कैऱ्या पडलेल्या असतात आणि खाल्लेल्या असतात दोन. दगड मारणं आणि कैरी खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीला भूक लागत नाही, समोर लोंबणारी कैरी दिसली की हात उचलतोच. शिकारी जनावराचं तसंच असतं. भूक त्याला बिळातून बाहेर काढते, फिरायला लावते, वास काढत तुमच्या परड्यापर्यंत आणते. पण धरणं आणि चावणं हे समोरच्या फडफडीवर चालतं. फडफड झाली की चावा. परत फडफड झाली की परत चावा.

मग रानात असं रोज का होत नाही? कारण रानात एक पक्षी धरेपर्यंत बाकीचे उडून गेलेले असतात, फडफड आपोआप थांबते. म्हणजे थांबवणारी गोष्ट जनावराच्या पोटात कधी नव्हतीच, ती बाकीच्यांच्या पळून जाण्यात होती, आणि खुराड्यात आपण नेमकी तीच काढून घेतो. मला हे कळलं तेव्हा जरा वाईटच वाटलं, कारण त्या गावरान कोंबड्यांना सोडलं असतं तर त्या शेवग्यावर जाऊन बसल्या असत्या, कदाचित दोन गेल्या असत्या. फट असलेलं खुराडं हे उघड्या झाडापेक्षा वाईट. एक तर नीट बंद पाहिजे नाहीतर नकोच.

आणखी एक, यातली सगळीच शिकार त्या जनावराच्या लेखी वाया गेलेली नसते. खोकड, कोल्हा हे उरलेलं पुरून ठेवतात, परत येऊन नेतात. आपण सकाळी सगळं उचलतो म्हणून आपल्याला ते 'उगीच मारलं' असं दिसतं.

रक्त पिऊन जातं म्हणतात ते?

नाही. आपल्याकडं सापडणारं कुठलंही जनावर कोंबडीचं रक्त ओढून पीत नाही, त्यांचा जबडाच तसा नसतो. मग कोंबडी मेलेली, मानेला दोन भोकं आणि बाहेर रक्ताचा थेंब नाही, असं कसं? दात बारीक आणि अणकुचीदार, चावा मानेवर, पिसं दाट. रक्त आतल्या आत कातडीखाली साकळतं. आम्ही एका कोंबडीची मानेवरची पिसं ओली करून बाजूला सारली तर खाली जांभळं-काळं पडलेलं होतं, बोटानं दाबलं की मऊ लागत होतं. शेजारच्या काकूंना पण दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण लिंबू-मिरची त्यांनी तरीही बांधलीच.

हे पिसं सारून बघणं आणखी एका कामाचं आहे. जिवंतपणी चावलं असेल तरच असं साकळतं. जखम आहे पण खाली काहीच जांभळं नाही, तर कोंबडी आधीच मेलेली होती आणि नंतर कुणीतरी कुरतडली. मग चोर शोधत बसू नका, डॉक्टर शोधा, कारण ती मानमोडी (राणीखेत) असू शकते आणि ती आली तर लस न दिलेलं अख्खं परडं चार दिवसांत साफ करते. मुंगसाच्या नावावर मानमोडीचे किती खून खपलेत देव जाणे.

चोर कोण, हे कसं ओळखायचं

पहिला प्रश्न वेळेचा. हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मुंगूस दिवसा फिरतं, रात्री बिळात झोपतं. त्यामुळं रात्री दोनला खुराडं साफ झालं असेल तर मुंगसावर आळ घेऊ नका, इथंच मामींचा अंदाज चुकला. मुंगूस सकाळी उन्हं आल्यावर किंवा भरदुपारी येतं, पिल्लं नेतं, कुंपणात लपून अंडी घालणारी तलंग (तरणी कोंबडी) धरतं, अंडी फोडून खातं आणि कवचं तिथंच टाकतं.

अंडी गेली आणि कवचाचा तुकडा पण नाही, तर साप किंवा घोरपड, दोघंही अख्खं गिळतात. आमच्या भागात नाग नवीन नाही, शिराळ्याच्या लोकांना तर मी काय सांगणार, पण रवणीला (अंडी उबवायला) बसलेल्या कोंबडीखाली अंधारात सरळ हात घालू नका, आधी बॅटरी मारा. कवच कडेनं कुरतडलेलं असेल आणि पिल्लाचा पाय चावलेला असेल तर उंदीर नाहीतर घूस.

कोंबडी अख्खी गायब, एक-दोन जागी पिसांचा पुंजका, कुंपणापर्यंत पिसांची वाट, असं आठवड्यातून एकदा होत असेल तर रानमांजर किंवा कोल्हा. हे शहाणे चोर, एक उचलायची आणि निघायचं. ऊसतोड चालू झाली की यांचा वावर वाढलेला मी दरवर्षी बघते, कारण वर्षभर ज्या उसात लपून होते तो आठ दिवसांत सपाट होतो. ते दिवस जपायचे.

कोंबड्या इकडंतिकडं फेकलेल्या, पाठी फाटलेल्या, एकही खाल्लेली नाही, दार किंवा जाळी वाकलेली, तर कुत्री. आणि बऱ्याचदा ओळखीची कुत्री, त्यामुळं भांडणं बिबट्यापेक्षा यातच जास्त होतात. कोंबडी जाळीच्या आत पण मुंडकं नाहीतर पाय बाहेर ओढून तोडलेला, तर कुणीतरी बाहेरूनच हात मारलाय, आत आलेलंच नाही.

आणि बिबट्या? बिबट्या कोंबडी सोडत नाही हे खरं, पण त्याचं मन कुत्र्यात. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता, त्यात त्याच्या खाण्यात वजनानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्या तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असून त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा बिबट्या परड्यात आला असं वाटत असेल आणि कुत्रं शाबूत असेल तर मी तरी आधी दुसरा संशयित बघेन.

आमच्या घरचा चोर पावसानं पकडून दिला. खुराड्याची मागची भिंत विटांची, तिच्यावर चिखलाचे बारीक पंजे, खालून वर गेलेले, आणि पत्र्यावर जांभळाच्या बिया असलेली विष्ठा. ते उदमांजर. झाडावर चढतं, कौलावर चढतं, फळं खातं, रात्री फिरतं. पत्रा नागमोडी असतो ना, भिंतीवर टेकतो तिथं प्रत्येक लाटेखाली एक फट राहते. त्यातली एक फट कोपऱ्यातली वीट पडल्यामुळं मोठी झालेली, माझी मूठ सहज आत गेली. शंभर टक्के पुरावा नव्हे हा, पण माझं समाधान झालं. मामी अजून मुंगूसच म्हणतात.

जाळी कुणासाठी?

दुकानात 'चिकन जाळी' म्हणून षटकोनी भोकांची मऊ तार मिळते, निम्म्या तालुक्याची खुराडी तिनंच बांधलीत. ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं काम तिचं नव्हेच, कुत्रं दातानं फाडतं आणि मांजराचा पंजा आरामात आत जातो. मच्छरदाणी लावून चोराची काळजी मिटली म्हणण्यासारखं आहे ते. बाहेरून निदान खालच्या दोन-तीन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश पाहिजे. महाग पडते, मान्य, म्हणून सगळीकडं नको, जिथं कोंबड्या झोपतात त्या खोलीला तेवढी लावा आणि दिवसाच्या आवाराला साधी जाळी चालेल.

उकरणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे, ती मला फार आवडली. जाळी जमिनीत उभी पुरायच्या ऐवजी भिंतीच्या पायापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी अंथरायची आणि वर माती-दगड टाकायचे. जनावर नेहमी भिंतीला अगदी चिकटून उकरतं. दोन इंचावर जाळी लागते, तो तिथंच नेटानं उकरत राहतो, आणि मागं सरकून दोन फुटांवरून सुरुवात करावी हे त्याच्या डोक्यात येत नाही. ज्या चटईवर आपण उभं आहोत तीच उचलायला बघावी, तसं.

दांडी भिंतीपासून हातभर आत घ्या म्हणजे झोपलेल्या कोंबडीचं शेपूट जाळीला लागणार नाही. कडीला नुसतं अडकवून ठेवू नका, आत खिट्टी घाला. पत्र्याखालच्या फटी सिमेंटनं नाहीतर जाळीचे बोळे कोंबून बंद करा. रुपयाच्या नाण्याएवढं भोक असलं तर उंदीर येतो, मुठीएवढं असलं तर त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी. एकदा दुपारी आत बसून दार लावून घ्या आणि उजेड कुठून येतो ते बघा, मी बसले तर नऊ ठिकाणांहून येत होता. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दिवेलागणीला मोजून दार लावणं. कोंबड्या अंधार पडायच्या आत आपोआप येतात, आपणच सिरियल संपल्यावर जातो.

दिवसाचं काय?

दिवसा धोका वरून, घार, शिक्रा, कावळा, आणि भारद्वाज सुद्धा, तो दिसतो शुभ पण पिल्लू सोडत नाही. पिल्लं एक महिन्याची होईपर्यंत हे चालतं. इथं मात्र गावरान कोंबडी आपली आपण बरंच सांभाळते, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

कधी दुपारी परड्यात बसून बघा. घार दिसली की कोंबडा मान तिरपी करून एक डोळा आभाळाला लावतो आणि बारीक, लांब, घशातली शीळ काढतो. मोठ्यानं नाही. क्षणात कोंबड्या झुडपाखाली, पिल्लं आईच्या पंखात, सगळं थिजलेलं. तोच कोंबडा कुत्रं किंवा मांजर दिसलं तर कट्-कट्-कट्-कटाक असा गाव गोळा करतो, आणि तेव्हा कोंबड्या लपत नाहीत, माना उंच करून उभ्या राहतात, बघतात, मग उडतात. दोन शत्रू, दोन वेगळे शब्द. शास्त्रज्ञांनी नुसते रेकॉर्ड केलेले आवाज कोंबड्यांना ऐकवून बघितले तरी त्या आवाजाप्रमाणे बरोबर वागल्या. घारीसाठीची शीळ बारीक असते कारण ती नेमकी कुठून आली हे लवकर कळत नाही, आणि मांजरासाठीचा आरडाओरडा मोठा असतो कारण मांजराला 'तू दिसलास' हे सांगायचंच असतं, दबा उघडा पडला की ते निघून जातं. आणखी गंमत म्हणजे कोंबडा एकटा असला तर घारीला बघून बहुतेक वेळा गप्पच राहतो, आसपास कोंबड्या असल्या की शीळ घालतो.

म्हणून परड्यात झुडपं पाहिजेत. साफ झाडलेलं, मोकळं अंगण आपल्याला छान दिसतं पण पिल्लाला त्यात लपायला जागा नाही. करवंद, शेवरी, घाणेरीचं जाळं, नाहीतर जुन्या साड्या नाहीतर मासे धरायचं जुनं जाळं वर ताणून टाका. चकाकत्या सीड्या टांगतात त्याला घार आठ-दहा दिवसांत सरावते, मग तिच्याखाली बसून आरामात पिसं साफ करते. पहिले तीन-चार आठवडे कोंबडी आणि पिल्लं डालग्याखालीच बरी. बुरडाकडचं वेताचं-बांबूचं डालगं अजून मिळतं, प्लॅस्टिकच्या क्रेटपेक्षा ते चांगलं, हवा खेळते आणि वजनाला बरं.

"मग विष घालून एकदाच मोकळं व्हावं की"

हे मला प्रत्येकानं सुचवलं. पहिली गोष्ट, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, बिबट्या, घोरपड, मुंगूस, रानमांजर, उदमांजर सगळे त्यात येतात, फासकी लावली तरी गुन्हा. दुसरी, विष ज्याच्यासाठी ठेवलं त्यालाच मिळेल असं नाही, ते आपलं कुत्रं खातं, शेजारच्याचं मांजर खातं. तारेत घरचा करंट सोडणं तर विचारात पण आणू नका, दरवर्षी माणसं मरतात त्यानं. झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचा टोला देऊन सोडतं, घरचा करंट धरून ठेवतो.

पण कायदा बाजूला ठेवला तरी ते उपयोगाचं नाही. आठवडी बाजारात एखाद्या भाजीवाल्याची जागा रिकामी झाली तर पुढच्या सोमवारी तिथं दुसरा बसलेला असतो. जनावरांच्या हद्दीचं तसंच. उंदीर, कोंबड्या, पाणी, लपायला ऊस, एवढं असलेली जागा मोकळी राहत नाही, आणि नवीन आलेला बहुतेक तरणा, अनोळखी, जास्त धाडसी असतो. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे धरून दुसरीकडं सोडले, तर ज्या भागात सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढले, हे पण अत्रेयांच्याच अभ्यासात आहे. शिवाय ते मुंगूस वर्षभर तुमचे उंदीर खात असतं त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

"आमच्या आजीच्या काळात असं काही नव्हतं"

होतं. आजीकडं पाच-सहा कोंबड्या होत्या, रात्री पडवीत डालग्याखाली, डालग्यावर दगड, आणि चार फुटांवर आजोबा खोकत झोपलेले. गेली तर एक जायची. आता शेड रानात, घरापासून अर्धा किलोमीटर, आत शंभर पक्षी, वास लांबपर्यंत, माणूस नाही, आणि भोवती बारमाही ऊस. जनावर बदललं नाही, मांडणी बदलली.

"कायम कोंडूनच ठेवल्या तर?"

ठेवता येतात, काही लोक ठेवतातही. पण मग खाद्य सगळं विकतचं, एकमेकींना टोचून रक्त काढतात, आणि जी कोंबडी किडे-गवत शोधून अर्धं पोट आपलं आपण भरते, घारीला ओळखते, तिला कोंडायचं असेल तर गावरान घेतली कशाला. मामींचा हिशोब सरळ आहे, बारा अंडी बसवली, दहा पिल्लं निघाली, पाच-सहा मोठी झाली की भागलं. आखाडात एक कोंबडा चांगला गेला तरी वर्षाचं जोंधळ्याचं निघतं. दिवसा दोन-चार पिल्लं गेली हे त्या धरूनच चालतात. रात्रीचं त्यांना सहन होत नाही, आणि मला पटतं ते. दिवसाची झीज धंद्यातली, रात्रीची आपल्या फटीतली.

झाल्यानंतरचे दोन दिवस

सगळ्यात धोक्याची रात्र म्हणजे दुसरी. जनावराला जागा कळलेली असते, तिथं अन्न ठेवून गेलंय अशी त्याची समजूत असते, ते परत येतंच. त्यामुळं रडणं, फोटो, पंचनामा नंतर, आधी फट बुजवा, त्याच दिवशी. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू नका, तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना. खायच्या का हे पण लोक विचारतात. नका खाऊ, रात्री कधी मेली आणि नेमकी कशानं हे माहीत नाही, मांजराच्या दातातून जे जंतू जातात ते वेगळेच.

जखमी असेल तिला मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, हळद लावा, वेगळी ठेवा, रक्त दिसलं की बाकीच्या टोचतात. मांजरवर्गाचा चावा वरून लहान दिसला तरी आत सडतो, दवाखान्यात दाखवलेलं बरं. राहिलेल्या कोंबड्या अंडी बंद करतात, कधी पंधरा दिवस, कधी महिना, त्यांना मुद्दाम काही देऊन उपयोग नाही. शांत ठेवा, जागा बदलू नका, पाणी-खाणं वेळेवर.

आमच्या त्या तिघी खुराड्यात जाईनातच. फट बुजवली, जाळी बदलली, तरी दिवेलागण झाली की शेवग्यावर. आमचे हे रोज बॅटरी घेऊन शिडीवरून एकेक उतरवायचे, आत ठेवायचे, मामी खाली उभ्या राहून शिव्या घालायच्या, कोंबड्यांना आणि ह्यांना पण. अठराव्या दिवशी म्हशीच्या गव्हाणीत, वैरणीखाली, एक अंडं सापडलं, अजून कोमट होतं. मी उचलायला गेले तर मामींनी हात धरला. "ऱ्हाऊ दे तिथंच. उचाललंस तर जागा बदलंल ती."

म्हशीची वैरण आठ दिवस शेजारच्या पाटीत घातली.